पुन्हा खटल्याची मुभा नको

निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा केस चालवू द्या, असं म्हणणारा तुमच्या पेपरातला लेख वाचला, अजिबात पटला नाही. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा नको असं सांगणारं घटनेचं कलम 20(2) शिक्षा झालेल्यांपुरतंच आहे हे खरं, पण सुटलेल्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 337 संरक्षण देतं (आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 300 होतं), ते लेखात कुठेच नाही. निकाल चुकलाय असं वाटलं तर सरकारला अपील आहेच की, हायकोर्ट निकाल फिरवू शकतं, फेरखटलाही लावू शकतं, मग नवी चार्जशीट कशाला? पहिल्याच केसमध्ये माणसाची नोकरी जाते, वकिलाच्या फीपायी घर विकायची वेळ येते. इंग्लंडने 2003 च्या कायद्याने मुभा दिली, तीसुद्धा गंभीर गुन्ह्यांतच, नवा भक्कम पुरावा असेल तर आणि अपील कोर्टाने परवानगी दिली तरच.

– एक वाचक