‘व्हिज्युअल’ हा शिक्का मारून घेऊ नकोस

साखळी, गोवा

चि. बाय हिस, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, सगळं बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. कॉलेजात तुमच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली आणि तू ‘व्हिज्युअल लर्नर’, म्हणजे बघून शिकणारी, निघालीस, हे तू मोठ्या आनंदाने सांगितलंस. तो आनंद मला कळतो. बारावीपर्यंत ‘पाठ कर’ एवढंच ऐकत आलेल्या मुलीला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं, की तुला कसं समजतं? प्रश्न फार चांगला आहे. पण पुढे तू म्हणालीस, ‘आता पुस्तक वाचण्यात वेळ घालवत नाही, व्हिडिओ बघते आणि रंगीत तक्ते काढते.’ तिथे माझ्या जिवाला घोर लागला.

शाळेत शिकवते म्हणून ही प्रश्नावली माझ्या ओळखीची आहे. न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठातल्या नील फ्लेमिंग यांनी १९९२ साली ती मांडली. बघून, ऐकून, वाचून-लिहून आणि प्रत्यक्ष करून, असे तिचे चार कप्पे. ही काही एकटीच नाही. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी अशा वर्गवाऱ्या मोजल्या तेव्हा ७१ सापडल्या. माणसं शिकणाऱ्यांना इतक्या वेगवेगळ्या रीतींनी कप्प्यांत घालतात, तर त्यातल्या एकाच कागदावर तू तुझा अभ्यास का बांधावास?

तुला चित्रं आवडतात हे खरंच आहे. प्रश्न पुढचा आहे: आवडीच्या पद्धतीने शिकलं तर जास्त लक्षात राहतं का? हे तपासायचं तर ‘बघणारी’ आणि ‘ऐकणारी’ मुलं आधी वेगळी करायची. मग दोन्ही गटांतल्या अर्ध्यांना चित्रांतून आणि अर्ध्यांना बोलून शिकवायचं, आणि शेवटी सगळ्यांची परीक्षा एकच घ्यायची. बघणाऱ्यांना चित्रांनी आणि ऐकणाऱ्यांना बोलण्याने जास्त गुण मिळाले, तरच दावा खरा. २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध अभ्यास या कसोटीवर तपासले. असे अभ्यास मुळात फार थोडे निघाले, आणि नीट केलेल्यांतल्या काहींचे निकाल उलटच होते. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या मुलांनाही तुझीच प्रश्नावली दिली होती. बहुतेकांनी आपल्या कप्प्याप्रमाणे अभ्यास केलाच नाही, आणि ज्यांनी केला त्यांना त्याचा वेगळा फायदा दिसला नाही.

तू तर वनस्पतिशास्त्र घेतलं आहेस. या विषयात पद्धत ठरवतो तो विषय. शेरवडाचंच घे. पावसात आपल्या डोंगरावर पांढरं पान लटकल्यासारखं दिसतं ना, ते पानही नाही आणि पाकळीही नाही, ते मोठं झालेलं निदल आहे, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या दलांपैकी एक. खरं फूल ते छोटं केशरी. हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळायचं नाही. पानं समोरासमोर आहेत आणि दोन देठांच्या मधे उपपर्ण, म्हणजे पानाच्या बुडाशी येणारं छोटं दल, आहे, हे फांदी हातात धरून फिरवल्यावर कळतं. पण हे झाड रुबिएसी कुळातलं, म्हणजे कॉफीच्या नात्यातलं, हे चित्र बघून कळणार नाही. ते वाचावं लागेल. आणि परीक्षेत त्या कुळाची लक्षणं लिहायची तर लिहिण्याचा सराव लागेल. तेच झाड, तीच मुलगी. यात ‘व्हिज्युअल’ होऊन कुठलं दार बंद करणार?

माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगतो त्या रानफळांच्या मांडणीतली, झाडं तू शिकलीस ती आठव. आजोबा दरवर्षी चवथीच्या, गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी कांगलां, कवंडळ, घागऱ्यो ओटीवर पसरायचे आणि एकेक हातात देऊन विचारायचे, ‘हें कितें?’ आधी सांगायचे नाहीत, आधी विचारायचे. तू चुकलीस की नाव सांगायचे, आणि थोड्या वेळाने तेच फळ परत पुढे करायचे. वर्षभराने पुन्हा तेच. दहावीपर्यंत तुला सगळी माटोळी तोंडपाठ होती आणि त्यासाठी तू एकदाही वही उघडली नव्हतीस. त्यात बघणं होतं, हात लावणं होतं, वास होता, नाव उच्चारणं होतं. पण माझ्या मते सगळ्यात मोठं काम केलं ते त्या प्रश्नाने.

हे मी आजोबांच्या प्रेमापोटी लिहीत नाही. अमेरिकेत सेंट लुईसमधल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर हा प्रयोग केला. काहींनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तेव्हा त्यांना ४२ टक्केच आठवलं, आणि लिहून काढणाऱ्यांना ५६. त्याच संशोधनातल्या दुसऱ्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला जास्त आठवेल असा भरवसाही अधिक होता. हे नीट ध्यानात घे, बाय. व्हिडिओ बघून संपल्यावर जे ‘समजलं’ असं वाटतं, ते पाच मिनिटांचं समजणं असतं. आयएसए, तुमची सत्रातली अंतर्गत परीक्षा, पाच मिनिटांनी नसते.

म्हणून व्हिडिओ बघ, तक्तेही काढ, तुझा हात चांगला आहे. फक्त तक्ता काढून झाला की उलटा ठेव आणि कोऱ्या कागदावर पुन्हा काढ. नावं घाल. मग ताडून बघ. दोन दिवसांनी परत, पुढच्या आठवड्यात परत. रंगीत पेनने ओळी अधोरेखित करून फार काही साधत नाही. २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या, त्यात अधोरेखन खालच्या पायरीवर आलं. वरच्या पायरीवर दोनच होत्या, स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांत वाटून करणं.

स्वतःला ओळखायचं आहे ना? मग अशा गोष्टींत ओळख. तुझं डोकं पहाटे चालतं, रात्री नाही, हे मी लहानपणापासून बघते आहे; होस्टेलवर सगळ्या जागतात म्हणून तू जागू नकोस. रसायनशास्त्रात तुला येत नसलं की तू लगेच विचारतेस, पण वनस्पतिशास्त्र आवडतं म्हणून तिथे ‘येतंय’ असं गृहीत धरतेस. तिथे जास्त तपास.

आणि भाषा. हे तुला कुठल्याही प्रश्नावलीने विचारलं नसेल. चौथीपर्यंत तू मराठीत शिकलीस, पाचवीपासून इंग्रजीत, घरी मराठी, अंगणात कोंकणी. आपल्याकडच्या कितीतरी मुलांचं असंच असतं, आणि इंग्रजीतली व्याख्या शब्दशः लिहिता आली की समजलं, अशी त्यांची समजूत होते. तू प्रकाशसंश्लेषण इंग्रजीत धडाधड सांगतेस. तेच मराठीत सांगताना जिथे अडखळशील, तिथे तुझं समजणं संपलं असं धर. अडलेली जागा सापडली की पुस्तकात परत जा, मग इंग्रजीत लिही. यात कमीपणा मुळीच नाही. उलट ज्या मुलीकडे दोन-तीन भाषा आहेत, तिच्याकडे स्वतःला तपासायची साधनं जास्त आहेत.

कोणाला ऐकू कमी येतं, कोणाला अक्षरं जुळवून वाचणं जड जातं, त्यांना वेगळी मदत लागते आणि ती मिळालीच पाहिजे. ते प्रकरण निराळं. तुला तशी अडचण नाही.

रविवारी आजीला फोन कर आणि खोडात पाणी वर कसं चढतं ते तिला मराठीत सांग. ती तुला सोडणार नाही, चार प्रश्न विचारेल. कुठे अडलीस ते मला सोमवारी कळव. चवथीला येताना तक्त्यांची वही घेऊन ये, बाबांनाही बघायची आहे.

तुझी,
आई