बाबा, डिझेल नाही घेतलं

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि मध्ये आई निरोप सांगायला लागली की डिझेलची डाळ होते, म्हणून हे लिहिते आहे. दादा प्रिंट काढून देईल. आधी चष्मा लावून सगळं वाचा, मग रागवा. कॅम्पर, म्हणजे मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, ओढायला ट्रक ठरला. पेट्रोलचा.

(इथं अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात. मागच्या रविवारी मी ‘गॅसचा ट्रक’ म्हणाले आणि तुम्ही सिलिंडर कुठं बसवणार म्हणून विचारलंत, तो घोळ एवढाच होता.)

‘ओढायचं काम डिझेलचं, पेट्रोल वरातीला,’ हे तुमचं वाक्य समीरला आता पाठ झालंय. एसटीच्या वाई डेपोत तीस वर्षं काढलेल्या माणसाशी मी चढावरून वाद घालत नाही. चढाला तुम्हीच बरोबर. आमचं डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटरवर, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्याएवढं. तिथून पश्चिमेला निघालं की आय-७० रस्ता आयझेनहॉवर बोगद्यापाशी ३,४०० मीटरवर जातो, म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई. हवा इतकी विरळ की टर्बो नसलेल्या इंजिनाची एक तृतीयांश ताकद तिथं गळते. डिझेलला टर्बो असतो, तो हवा कोंबून देतो, त्याला फारसं काही वाटत नाही. शिवाय ओढ आधीच दुपटीहून जास्त. कॅम्पर जोडून शेजाऱ्यांचा डिझेल ट्रक मी स्वतः बोगद्यापर्यंत नेला. मागे जवळजवळ चार टन आहेत हे आरशात बघून आठवावं लागत होतं. (हो, साध्या लायसन्सवर. इथं एवढ्याला हेवीचं लायसन्स नाही लागत, बिल्लाही नाही. तुम्ही कपाळाला हात लावणार, माहीत आहे.)

मग पेट्रोल का? मी ट्रकचं दार उघडलं म्हणून.

ड्रायव्हरच्या दारापाशी, खांबाच्या आतल्या बाजूला, एक छोटा स्टिकर असतो. या गाडीत माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. जाहिरातीत ‘इतके टन ओढतो’ म्हणून गर्जना असते. ती ओढायची गोष्ट झाली. स्टिकर सांगतो पाठीवर किती घ्यायचं ते. दोन्ही ट्रक एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. पेट्रोलवाल्यावर आकडा किलोत साधारण १,२५० आणि डिझेलवाल्यावर १,०००. डिझेलचं इंजिनच मुळात जड, त्याचा सगळा सरंजाम जड, आणि ते वजन आपल्या वाट्यातून कापून घेतात.

आता बैलगाडी आठवा. माल मागे पडला की गाडी उलाळ होते, पुढे पडला की जू बैलांच्या मानेवर रुततं. कॅम्परचंही तेच. त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढे, ट्रकच्या हुकावर यावाच लागतो, नाहीतर वेगात तो मागे शेपटीसारखा हेलकावे खायला लागतो. आमच्या कॅम्परचा हा भार ५०० किलो. हुकाचा लोखंडी सांगाडा ४५. आपण पाच माणसं, ओवी धरून, ३०५. आई, तुझं वजन मी दोनदा विचारलं आणि तू दोन्ही वेळा विषय बदललास, ते याच्यासाठी होतं. जनरेटर, खुर्च्या, पाण्याचे कॅन, हत्यारं धरली की १,००० पुरे. डिझेलमध्ये तिथंच काटा टेकतो, लोणच्याची बरणी चढवायची तर कुणाला तरी उतरवावं लागेल. पेट्रोलमध्ये २५० किलो शिल्लक राहतात.

उताराची काळजी तुमच्याइतकीच मलाही होती. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारे १३ किलोमीटर सलग उतार आहे, तीव्र टप्प्यात ७ टक्के, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीच्या चढत्या वाटा ठेवल्या आहेत. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक होता, म्हणजे धुराची वाट आवळून इंजिनालाच गाडी धरायला लावणारा. बटण दाबलं आणि पायाला काम उरलं नाही, अगदी राजेशाही. नंतर समीरच्या ऑफिसातल्या एकाचा पेट्रोल ट्रक मागून घेतला, तोच कॅम्पर, तोच उतार. लहानपणी पसरणी घाटात मी तुमच्या शेजारी बॉनेटच्या तापलेल्या रेक्झिनवर बसायचे, तेव्हा तुम्ही सांगायचात, ‘ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरायचं.’ इथं गिअर आपोआप पडतात, पण माथ्यावरच ओढायचा मोड लावला आणि ब्रेकला एकदा पाय टेकवला, तसा ट्रकनं स्वतःच खालचा गिअर धरला. इंजिन साडेचार हजार फेऱ्यांवर किंचाळायला लागलं. समीरनं दाराची मूठ घट्ट धरली. पण काटा ८० वर चिकटला तो चिकटलाच. खालीपर्यंत ब्रेक मी तीनदा दाबला. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची झडप मिटते आणि इंजिनच गाडीला धरून ठेवतं. डिझेलला ती सोय अंगची नाही, म्हणून त्याला वेगळा ब्रेक द्यावा लागतो. कॅम्परला स्वतःचे ब्रेक आहेत ते निराळेच.

आणि रोजचं काय? मी ऑफिसला दहा किलोमीटर जाते. तेवढ्यात डिझेल धड तापतही नाही, आणि न तापलं की त्याची काजळीची जाळी तुंबते. वर धूर साफ करायच्या युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी भरा. थंडीत उणे वीसला गारठलेलं इंजिन सकाळी सुरू व्हायला अडू नये म्हणून त्याला रात्री विजेची वायर लावून ठेवा. मी सकाळी ओवीचा डबा भरू की ट्रकची वायर काढू?

पैशाचं तुमच्या भाषेत सांगते. ओढताना पेट्रोलचा केपीटीएल, म्हणजे दहा लिटरला किलोमीटर, ३४, डिझेलचा ४७. डेपोत हा फरक दाखवला असता तर तुम्ही मेमो घेऊन आला असता. पण इथं डिझेल पेट्रोलपेक्षा महाग, आपल्या उलट. वर्षाला पाच हजार किलोमीटर कॅम्पर ओढून वाचणार दोन-तीनशे डॉलर, आणि डिझेल इंजिनाचे जास्तीचे मागत होते दहा हजार.

एक कबूल करते. बोगद्याच्या चढाला आपण उजव्या लेनमध्ये मालट्रकांच्या मागे साठच्या वेगानं रांगणार आहोत. लोक पुढे काढतील. तेव्हा ‘मी म्हटलं होतं’ असं एकदा म्हणायची तुम्हाला परवानगी, आईला नाही.

जूनमध्ये पहिली फेरी ग्लेनवूड स्प्रिंग्जला. तिथं गरम पाण्याचे झरे आहेत, वज्रेश्वरीसारखे, आईच्या गुडघ्यांना बरे. संडास कॅम्परमध्येच आहे, कमोडचा, त्यामुळे रात्री उठायची चिंता नको. पुढच्या सीटवर बाबा बसतील, आरशाकडे बघत.

आईनं वजन दवाखान्यातल्या काट्यावर करून कळवावं. घरातला काटा दोन किलो कमी दाखवतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

तुमची,
बेबी