ट्रंक रद्दीवाल्याला देऊ नकोस

प्रिय बबे,

जय भीम.

तुझा निरोप आला तेव्हा मी कामावरून बसने घरी येत होते. नागपुरातल्या इंदोऱ्याचं घर रिकामं करणं चाललंय, काकूंच्या पलंगाखालून लोखंडी ट्रंक निघाली, आत नुसतेच पिवळे कागद, रविवारी रद्दीवाला येणार. एवढं वाचलं आणि माझा स्टॉप मागे गेला. फोन केला असता तर आपण भांडलो असतो, म्हणून हे पत्र. रविवारच्या आत वाच म्हणजे झालं.

गेल्या शनिवारी मी ब्रिक्स्टनला गेले होते. लंडनचा हा दक्षिणेकडचा भाग, जमैकाहून आलेल्यांची जुनी वस्ती. तिथल्या लॅम्बेथ अभिलेखागारात ऑलिव्ह मॉरिस नावाच्या मुलीची कागदपत्रं आहेत. मुलगीच म्हणायची, कारण १९७९ च्या जुलैमध्ये कर्करोगाने गेली तेव्हा ती अवघी २७ वर्षांची होती. नऊ वर्षांची असताना जमैकाहून आली, शाळा अर्धवट सोडली. १९६९ मध्ये ब्रिक्स्टनच्या रस्त्यात एका नायजेरियन राजनैतिक अधिकाऱ्याला पोलिसांनी गाडीतून ओढून मारायला घेतलं. एवढी भारी गाडी काळ्या माणसाची असेलच कशी, हा त्यांचा संशय. १७ वर्षांची ऑलिव्ह मध्ये पडली. तिलाही बेदम मारलं आणि गुन्हाही तिच्यावरच लावला. ओळखीची वाटते ना गोष्ट?

पुढे ती काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या, ब्रिटनमधल्या ब्लॅक पँथर गटात गेली. (हो, ज्यांच्या अमेरिकेतल्या भावंडांवरून १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं, तेच. इथल्या गटात पुण्यात जन्मलेले फारुख धोंडीही होते.) १९७३ मध्ये ब्रिक्स्टन ब्लॅक विमेन्स ग्रुप उभा राहिला, त्यातही ती होती. त्याच सुमारास तिने आणि तिची मैत्रीण लिझ ओबी हिने रेल्टन रोडवरच्या १२१ नंबरच्या रिकाम्या घराचा ताबा घेतला. बाहेर काढायला माणसं आली की ऑलिव्ह छपरावर चढायची. तिचा छपरावर चढतानाचा फोटो पुढे घरांचा ताबा घेणाऱ्यांसाठीच्या एका माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आला. दुसऱ्या एका फोटोत ती हातात फलक घेऊन निदर्शनात उभी आहे, अनवाणी. मी त्या पायांकडेच बघत बसले. मला तुझी आजी आठवली.

१९७८ मध्ये ऑलिव्ह आणि इतर बायकांनी देशभरातल्या गटांना जोडणारी एक संघटना काढली, ओवाड. आधी नावात फक्त आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया होत्या, मग आशियाई वंशाच्याही घेतल्या. तेव्हा इथे ‘ब्लॅक’ म्हणजे त्वचेचा रंग नव्हे, तर ज्यांना एकाच काठीने मारलं जातं ते सगळे. १९७९ च्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची तिथल्या अधिकाऱ्यांनी ‘कौमार्य चाचणी’ करवली. तेव्हा आशियाई बायकांबरोबर या काळ्या बायकाही थेट विमानतळावर जाऊन बसल्या. आपल्या बाईसाठी! आपल्याला हे कोणत्या पुस्तकात शिकवलं, सांग. त्याच मार्चमध्ये ब्रिक्स्टनला त्यांची पहिली परिषद झाली, सुमारे ३०० जणी आल्या. १९८२ पर्यंत संघटना मोडलीही. मतभेद झाले, थकवा आला. आपल्याकडे होतं तेच.

आता मुद्द्याचं. १९८६ मध्ये लॅम्बेथच्या एका सरकारी इमारतीला ऑलिव्हचं नाव दिलं. ती इमारत पाडली. २००९ मध्ये ब्रिक्स्टनच्या स्थानिक चलनातल्या एक पौंडाच्या नोटेवर तिचा चेहरा छापला. जिने घराच्या हक्कावरून व्यवस्थेशी उभा दावा मांडला, ती नोटेवर! मला हसूच आलं. गौरव वाईट नाही गं, पण जयंतीला हार आणि एरवी पुतळ्यावर कावळे, हे आपल्याला काय नवीन आहे? टिकलं ते वेगळंच. लिझ ओबीने मैत्रिणीची पत्रकं, फोटो, चिटोरी जपून ठेवली होती. २००८ मध्ये काही जणींनी गट करून ऑलिव्हला ओळखणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. हे सगळं मिळून आज खोक्यांत नीट लावलेलं आहे. लिझने ते रद्दीत घातलं असतं तर ऑलिव्ह म्हणजे फक्त पाडलेल्या इमारतीचं नाव उरलं असतं.

क्लॉडिया जोन्सचं तर आणखी ऐक. त्रिनिदादमध्ये जन्म, वाढली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. कम्युनिस्ट म्हणून १९५५ मध्ये अमेरिकेने तिला हद्दपार केलं. ती लंडनला आली, १९५८ मध्ये ब्रिक्स्टनमधून काळ्या लोकांचं वर्तमानपत्र काढलं. त्याच वर्षी नॉटिंग हिलला गोऱ्या टोळ्यांनी दंगल केली, तर हिने १९५९ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, सभागृहात कार्निव्हल भरवला. नाच, गाणी, सौंदर्यस्पर्धा. आणि स्मरणिकेच्या विक्रीतला काही पैसा दंगलीत शिक्षा झालेल्या पोरांचे दंड भरायला! असा उत्सव मला पटतो. आज तिच्या कागदांचा संग्रह कुठे आहे, माहीत आहे? काळ्या लोकांचा इतिहास जपणाऱ्या हार्लेमच्या शॉमबर्ग केंद्रात. बाईला हाकललं, तिचे कागद मात्र परत जाऊन बसले.

आणि आपल्याकडे? १९४२ च्या जुलैमध्ये तुझ्या नागपुरात बाबासाहेबांच्या हजेरीत दलित महिलांची परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, २०-२५ हजार बाया आल्या होत्या म्हणतात. तुझी आजी त्यात होती हे ती आपल्याला ताक घुसळता घुसळता सांगायची आणि आपण उठून खेळायला पळायचो. लेखिका उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव फिरून अशा बायांना भेटल्या नसत्या, तर त्यांची नावंही राहिली नसती. पण त्या दोघी किती घरी जाणार? इंदोऱ्याच्या तुमच्या घरी कुणीच आलं नाही. तिथे फक्त ट्रंक आहे.

म्हणून ऐक. ट्रंक उन्हात उघडी टाकू नकोस, सावलीत उघड. गंजलेल्या टाचण्या हळूच काढ. सेलोटेप कशालाच लावू नकोस, प्लास्टिकच्या पिशवीतही कोंबू नकोस. ज्या क्रमाने कागद निघतील त्याच क्रमाने त्यांचे मोबाइलवर फोटो घे. सुटे फोटो काकूंना दाखव, कोण कोण आहे विचार आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नावं लिही, पेनने नाही. काकू बोलायला लागल्या की रेकॉर्डिंग चालू कर आणि मध्ये बोलू नकोस, तुझी ती खोड आहे. मी डिसेंबरमध्ये येतेय, तेव्हा बसून यादी करू.

रविवारी रद्दीवाल्याला वर्तमानपत्रं दे, दादाची जुनी गाइडं दे, तो पिचका कुलरही दे. ट्रंक परत पलंगाखाली सरकव. काकूंच्या नव्या फ्लॅटमध्ये पलंग नसेल, तर तुझ्या घरी ने.

तुझी,
छबी