भिंतींआधी दारं बघायला लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

घराचं काम संपलं, सगळ्यांचे हिशेब झाले, तुमची फीसुद्धा कधीच पोचती झाली. तरी एक देणं राहून गेल्यासारखं वाटत होतं, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण जुनं घर दुरुस्तीला काढताना बहुतेक कुटुंबं आधी गवंडी शोधतात, फरश्या बघून येतात आणि खोल्यांच्या मांडणीचा विचार भिंत पाडायच्या दिवशी, मिस्त्रीच्या शेजारी उभ्याउभ्या करतात. त्याआधी तुमच्यासारखं, घराची मांडणी आखणारं कुणी घरात येऊन गेलं तर काय होतं, हे आणखी चार घरांना कळायला हवं.

आमचं घर एका वेळी बांधलेलं नाही. कुटुंब वाढलं तशी मागे एक खोली निघाली, मग तिच्या मागे दुसरी, मग वरचा मजला. बाथरूम सगळ्यात शेवटी आलं, त्यामुळे तिथे जायची वाट आईबाबांच्या खोलीतून. मधली खोली घरातली सगळ्यात मोठी, पण तिला पाच दारं आणि बाहेर उघडणारी एकही खिडकी नाही. तिथे कुणी बसत नसे, सगळे तिच्यातून ये-जा करत. बैठकीची खोली आणि ही मधली खोली यांच्यामधली भिंत काढून एक मोठा हॉल करायचा, यावर घरात एकमत होतं. तुम्हाला बोलावलं ते त्या हॉलचा नकाशा काढून द्यायला.

तुम्ही नकाशा काढलात, पण होता तसाच. प्रत्येक खोलीच्या चार बाजू मोजल्यात आणि दोन्ही कर्णही मोजलेत. एकही खोली काटकोनात नव्हती. प्रत्येक भिंतीची जाडी लिहिलीत, खिडकीची खालची आणि वरची उंची लिहिलीत, कोणतं दार कोणत्या बाजूला उघडतं तेही टिपलंत. मग त्या नकाशाची एकेक प्रत घरातल्या प्रत्येकाच्या हातात दिलीत आणि सांगितलंत, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही कुठून कुठे जाता त्याच्या रेघा काढा. माझ्या पुतणीलाही वेगळा रंग दिलात. वहिनीला स्वयंपाकघर कसं असावं हे त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. या एका गोष्टीसाठीही मी तुमचे वेगळे आभार मानले असते.

ते कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले तेव्हा सगळ्यांच्या रेघा मधल्या खोलीत एकमेकींना कापत होत्या. पाच दारं, आणि बहुतेक दारं भिंतीच्या बरोबर मध्यात. कोणत्याही दोन दारांमधली वाट खोलीच्या पोटातून तिरकी जाणार. पलंग लावायला, टेबल ठेवायला, पाठ टेकून बसायला सलग अशी भिंतच उरत नव्हती. तुम्ही तेव्हा म्हणालात, "या खोलीला जागा कमी नाही, दारं जास्त आहेत." तुमचं सगळं काम मला त्या वाक्यात दिसतं.

दोन दारं बंद झाली. एक दार मध्यावरून कोपऱ्याकडे सरकलं. वाट आता एका कडेने जाते आणि उरलेली खोली मोकळी राहते. बंद केलेल्या दारांच्या चौकटी तुम्ही काढू दिल्या नाहीत. भिंत दीड विटेची, म्हणजे जवळजवळ पस्तीस सेंटीमीटर जाड, तेवढ्या जाडीत मागच्या बाजूने पातळ फळी बसवून पुस्तकांची कपाटं झाली. पुढच्या पिढीला तिथे परत दार हवं असेल तर फळी काढली की झालं. दुरुस्ती करताना पुढे कुणाला बदल करता येईल अशी सोय ठेवणं, हे मला आधी कधी सुचलं नसतं.

भिंत पाडायला तुम्ही लगेच नकार दिला नाहीत. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरना घेऊन आलात. त्यांनी वर कडीपाटाकडे, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेल्या छताकडे बघितलं. कड्या त्याच भिंतीवर टेकलेल्या होत्या, आणि वरच्या मजल्याची आडभिंतही तिच्याच डोक्यावर उभी होती. वाजवून पोकळ लागते का, पातळ आहे का, यावरून भिंत भार घेते की नाही हे ठरत नाही, असं त्यांनी मिस्त्रींना आणि आम्हालाही समजावलं. जुन्या घरात अर्ध्या विटेची भिंतसुद्धा वर्षानुवर्षांत कुणाचा तरी भार अंगावर घेऊन बसलेली असू शकते. आमची भिंत काढता आली असती, पण आधी वरचा भार टेकूंवर घ्यायचा, मग लोखंडी बीम सरकवायचा, त्याच्या दोन्ही टोकांखाली भार पसरवणारे पक्के ठोकळे द्यायचे. आणि जो भार आज भिंतीच्या पूर्ण लांबीवर वाटला गेला आहे तो दोन ठिकाणी एकवटणार, म्हणून तिथला पाया उघडून बघायचा. एवढं करून मिळणार काय, हा पुढचा प्रश्न तुमचा होता.

त्याचं उत्तर तुम्ही उजेडाच्या हिशेबाने दिलंत. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जी उंची असते तिच्या साधारण दोन ते अडीच पटींपर्यंत कामापुरता दिवसाचा उजेड आत पोचतो. आमच्या खिडकीची वरची कड सव्वादोन मीटरपेक्षा थोडी खाली, म्हणजे उजेड फार तर साडेपाच मीटर आत. दोन्ही खोल्या मिळून आठ मीटरच्या वर. भिंत गेली असती तरी मागचा भाग अंधाराच राहिला असता, आणि एका अंधाऱ्या खोलीऐवजी अर्धा अंधारा हॉल मिळाला असता. त्याऐवजी जिन्याच्या वर छपरात काच बसली, तिच्या कडेला गरम हवा निघून जायला झडपा बसल्या आणि जिन्याकडच्या भिंतीत, दारांच्या वर, काचेचे झरोके आले. आता दुपारी मधल्या खोलीत दिवा न लावता वाचता येतं. जिन्याच्या पोकळीतून हवा वर ओढली जाते, त्यामुळे खालच्या खिडक्या उघड्या असल्या की मागच्या खोल्यांतही झुळूक येते.

मोकळ्या हॉलच्या हौसेबद्दल माझं आता स्पष्ट मत झालंय. एकत्र कुटुंबात दार लावून घेता येणारी खोली ही गरज आहे. एकाला अभ्यास असतो, एकाला लवकर झोपायचं असतं, एकाचा फोन चालू असतो. भिंत आवाज अडवते, स्वयंपाकघरातला धूर अडवते, आणि माणसाला थोडा वेळ एकटं राहू देते.

स्वयंपाकघराच्या वेळी तुम्ही वहिनीला मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंबद्दल सांगितलं होतं. १९२६ साली त्यांनी फ्रँकफर्टमधल्या नव्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं ते काम करणाऱ्या बाईच्या हालचालींचा विचार करून, जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर जागेत. वहिनीला ते फार आवडलं. पण लगेच तुम्ही हेही म्हणालात की ती आखणी एकटीने काम करणाऱ्या बाईसाठी होती, तुमच्याकडे दोघी-तिघी एकदम उभ्या असतात. म्हणून समोरासमोरच्या ओट्यांमध्ये एकशेवीस सेंटीमीटर सोडलेत, एकीच्या पाठीमागून दुसरीला भरलेलं भांडं घेऊन जाता यावं इतके. सिंकची जागा वहिनीने ठरवली. तुम्ही फक्त पाइपाचं गणित जुळवून दिलंत.

पाइपावरून आठवलं. आईबाबांच्या खोलीतून जाणारी बाथरूमची वाट हे आमचं सगळ्यात जुनं दुखणं. बाथरूम घराच्या दुसऱ्या टोकाला न्यावं असा भावाचा आग्रह होता. संडासाच्या चार इंची पाइपाला साधारण चाळीस फुटांना एक फूट उतार हवा, हे तुम्ही त्याला कागदावर मांडून दाखवलंत. तिथून चेंबरपर्यंतच्या सहा मीटरमध्ये पंधरा सेंटीमीटर उतार झाला असता, म्हणजे एक तर फरशी उचलायची नाहीतर पाया खणायचा, आणि घरात एक नवा उंबरा तयार व्हायचा. बाबांच्या गुडघ्यांना तोच नको होता. बाथरूम जागेवरच राहिलं. फक्त त्याचं दार शेजारच्या बोळाकडे फिरवलं, आणि आईबाबांची खोली पहिल्यांदा त्यांची झाली. आई त्याबद्दल फारसं बोलत नाही. पण दुपारी ती आता दार लावून झोपते.

बाबांचा विचार तुम्ही ज्या तऱ्हेने केलात त्याबद्दल कसं लिहावं कळत नाही. ते आज काठी घेऊन चालतात. त्यांच्यादेखत तुम्ही व्हीलचेअर हा शब्दही काढला नाहीत. पण दारं नव्वद सेंटीमीटर मोकळी ठेवलीत, त्यांच्या खोलीत आणि बाथरूममध्ये दीड मीटरचं वर्तुळ रिकामं राहील अशी मांडणी केलीत, आणि बाथरूमचं दार बाहेर उघडणारं केलंत. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाच्या अंगाने अडतं, हे तुम्ही मला नंतर बाजूला घेऊन सांगितलंत. धरायच्या दांड्या आज फक्त एकाच जागी आहेत, पण बाकीच्या जागी भिंत आतून भक्कम करून ठेवलीय, हव्या तेव्हा लावता येतील.

जिना मात्र तुम्ही जवळजवळ बदलला नाहीत. जुन्या फरशीवर नवी फरशी चढवणार होतो, तेव्हा तुम्ही थांबवलंत. जमीन वर आली की खालची पहिली पायरी तेवढीच बुटकी होते, आणि माणूस अडखळतो तो अशाच एका वेगळ्या पायरीवर. सतराव्या शतकात फ्रान्सच्या फ्रांस्वा ब्लोंदेल यांनी मांडलेला हिशेब तुम्ही मिस्त्रींना समजावला होता: दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी, आजच्या मापात साठ ते पासष्ट सेंटीमीटर. मिस्त्रींनी लगेच टेप लावून आमचा जिना मोजला. तो बरोबर निघाला, तेव्हा जुन्या सुताराचं कौतुक करताना दोघंही खूश झालात. मग जुनी फरशी उखडूनच नवी बसवली.

ओलीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू दिला नाहीत, हेही लिहायलाच हवं. चुन्यात बांधलेली भिंत आतली ओल बाहेर सोडत असते. तिला सिमेंटने बंद केलं की ओल आतच राहते आणि आणखी वर चढते. चुन्याचा गिलावा वाळायला वेळ लागला, भाऊ वैतागला, पण तुम्ही घाई केली नाहीत.

ताई, वरच्या मजल्यावरची मागची खोली तुम्ही मुद्दाम तशीच ठेवायला सांगितलीत. खाली राहून बघा, मग ती कशासाठी हवी ते कळेल, असं म्हणाला होतात. आता कळायला लागलंय. वहिनीला तिथे शिवणकामाचं मशीन हवंय, पुतणीला ती स्वतःची खोली हवीय, आणि दोघींचे रेघांचे कागद तयार आहेत. पावसाळा संपला की सवडीने या. यावेळी टेप आम्ही धरू.

आपली,
या घरातली थोरली मुलगी