नेम कुणावर होता?

गुहागर,
6 ऑगस्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. मे महिन्यात समुद्रावर बसलो होतो तेव्हा तू म्हणालास, "हिरोशिमावर बॉम्ब पडला म्हणून युद्ध थांबलं, नाहीतर आणखी लाखो मेले असते." मी गप्प बसलो आणि तू आंब्याच्या पेट्या घेऊन गेलास. आज सहा ऑगस्ट, 1945 मध्ये तो बॉम्ब पडला ती तारीख. सकाळपासून पाऊस लागून राहिलाय, वीज नाही, आणि तुझं ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

आमच्या पडवीचं दार आपटू नये म्हणून लावतो तो वेडावाकडा लोखंडी तुकडा तू पाहिलायस. तो आजोबांनी मुंबईहून आणला. ते गोदीत हमाल होते. 14 एप्रिल 1944 ला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' ही बोट फुटली. तिच्या पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि जोडीला कापसाच्या गासड्या. पेटता कापूस आभाळातून वस्त्यांवर पडत होता आणि लोक जपानी विमानं आली असं समजून पळत सुटले होते. निदान 800 माणसं गेली. आजोबांनाही वाटलं, हे आपल्यावरच टाकलंय. अपघात होता हे त्यांना दोन दिवसांनी कळलं. तेव्हा छातीवरचा दगड उतरला, असं ते सांगायचे. खोली जळाली होती, सोबतचे दोघे गेले होते, तरी उतरला. कुणी आपल्याला मारायला निघालं नव्हतं, एवढ्यानेच.

तू म्हणशील, मेलेल्याला काय फरक? पण आजोबांना पडला होता, आणि मलाही पडतो.

1 सप्टेंबर 1939 ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लढणाऱ्या देशांना विनंती केली होती, की नागरी वस्त्यांवर बॉम्ब टाकू नका. ब्रिटनने ती मान्य केली. मग 1941 मध्ये ब्रिटिशांनी रात्री जर्मनीवर बॉम्ब टाकायला जाणाऱ्या आपल्याच विमानांतून काढलेले फोटो तपासले. लक्ष्य गाठलं असं सांगणाऱ्या दर तीन विमानांपैकी एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचलं होतं. रात्री कारखाना सापडत नाही, शहर सापडतं. फेब्रुवारी 1942 मध्ये ब्रिटिश हवाई दलाला हुकूम निघाला, की शत्रूच्या जनतेचं, त्यातही कामगारांचं, मनोधैर्य खचवा. नेम लागत नव्हता, म्हणून लक्ष्यच शहराएवढं मोठं केलं. हिटलरचे जुने विरोधक असलेले इंग्लंडमधले बिशप जॉर्ज बेल 9 फेब्रुवारी 1944 ला ब्रिटिश संसदेच्या उमरावांच्या सभागृहात उभे राहिले आणि ऐन युद्धात त्यांनी आपल्याच सरकारला याचा जाब विचारला. कुणी ऐकलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त छळते ती 1943 ची एक गोष्ट. अमेरिकेत यूटाच्या वाळवंटात, डगवे इथे, सैन्याने जपानी घरं बांधली. हुबेहूब. जपानमध्ये अनेक वर्षं काम केलेल्या वास्तुविशारदाकडून आराखडे करून घेतले, आत तातामीच्या चटया अंथरल्या, सामानसुमान मांडलं. मग ती घरं पेटवून पाहिली, कुठला बॉम्ब जास्त चांगला पेटवतो ते बघायला. अरे, कुणीतरी त्या खोलीत ओणवं होऊन चटई सरळ केली असेल. आपल्याकडे पाहुणे यायच्या आधी आई करते तशी. 9 मार्च 1945 च्या रात्री टोकियोवर तेच बॉम्ब पडले आणि एका रात्रीत सुमारे 1,00,000 माणसं जळाली. हा अपघात नव्हे. त्याची तालीम झाली होती.

तुझ्या म्हणण्यात वजन नाही असं मी म्हणत नाही. जपानी सैन्याने चीनमधल्या नानकिंगला, फिलिपिन्समधल्या मनिलाला काय केलं ते मला ठाऊक आहे. चीनमधल्याच चुंगकिंगवर त्यांनीही वर्षानुवर्षं बॉम्ब टाकले. युद्ध लांबलं असतं तर आशियाभर रोज माणसं मरत राहिली असती, हेही खरं. पण हिरोशिमात त्या सकाळी सव्वाआठला शाळेतली हजारो मुलं उघड्यावर होती. आग पसरू नये म्हणून मधली घरं पाडून जागा मोकळी करायच्या कामाला त्यांना लावलं होतं. इतकी माणसं मेलेली पाहून टोकियोतल्या मंत्र्यांचं मन वळावं, हीच योजना होती. कारखान्यावर टाकलेला बॉम्ब चुकून शाळेवर पडला, असं इथे म्हणता येत नाही. युद्ध आधी कुणी सुरू केलं हे मला कितीही पटवून दिलंस, तरी ती बारा-तेरा वर्षांची पोरं त्यात कुठे बसतात, ते मला सांगता येत नाही. तुला येतं का?

आणि नागासाकीचं काय? तीनच दिवसांनी दुसरा बॉम्ब घेऊन विमान निघालं होतं कोकुरा या जपानी शहरावर. तिथे खालचं काही दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळलं. कोकुरातली माणसं वाचली, ती आभाळ साफ नव्हतं म्हणून. मन वळायला ते तीन दिवस पुरेसे होते का, याचा तू मनापासून विचार कर आणि मला लिही. भेटीची वाट पाहू नकोस. समोरासमोर मी पुन्हा गप्प बसेन.

आई विचारतेय, गौरीजेवणापर्यंत राहणार ना? तिकीट मात्र आत्ताच काढ.

तुझाच,
गुहागरचा मित्र