पाळणाघरातल्या काकूंना, बाबा मंडळींकडून

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

मुलुंडच्या तुमच्या पाळणाघरात पोरं सोडणारे आणि न्यायला येणारे आम्ही बाबा. समोर आभार मानले की तुम्ही "ते राहू दे, बाटलीचं झाकण कुठाय?" म्हणता. म्हणून हे उघड पत्र.

आभार मुख्यतः एका गोष्टीचे. "हिला फोन करून विचारा" हे उत्तर तुम्ही कुठल्याच बाबाकडून चालवून घेतलं नाहीत. सकाळी दारात तुमचे प्रश्न ठरलेले: रात्री झोप कशी झाली, शेवटचं दूध कधी दिलं, शी झाली का, औषध काही दिलंय का. ही उत्तरं द्यायची तर पोराचं आवरायला बापानंच उठायला हवं. वहीतही पहिला नंबर आईचा असा नेम नाही. ज्याचं ऑफिस जवळ, त्याचा नंबर वर.

तापाबद्दल तर तुम्ही आम्हाला पक्कं घडवलंत. पॅरासिटामॉल पाजून आणलेलं मूल सकाळी टुणटुणीत दिसतं. औषधाचा असर चार-सहा तासांचा, म्हणजे दुपारी ताप पुन्हा चढणार आणि फोन येणार. तोवर बाकीच्या पोरांनाही लागण. म्हणून औषधाशिवाय 24 तास ताप नसेल तरच दार उघडतं, आणि ते योग्यच आहे. अशा दिवशी रजेचे दोन तुकडे करायचे, अर्धा दिवस बाबा, अर्धा दिवस आई, म्हणजे एकाच्याच रजा संपत नाहीत, हेही तुमचंच. आणि ड्रॉप्सची बाटली सिरपपासून वेगळी ठेवायची सक्ती! ड्रॉप्समध्ये साधारण 1 मिलीत 100 मिलिग्रॅम औषध असतं, सिरपमध्ये 5 मिलीत 120 किंवा 250. घाईत ड्रॉप्स चमच्यानं मोजून पाजले, तर 5 मिलीत थेट 500 मिलिग्रॅम पोटात. म्हणून डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेला डोस बाटलीवर चिकटपट्टी लावून पेनानं लिहायचा, आणि बाटलीसोबत आलेलं मापच वापरायचं.

डब्यातली नाचणीची पेज. दोन चमचे सत्त्व आधी गार पाण्यात कालवायचं, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. गरम पाण्यात थेट टाकलं की गुठळ्या होतात. वरून शिजतात, आत पीठ कच्चं. गार होताना पेज घट्ट होते, त्यामुळे जरा पातळच उतरवायची. दूध डब्यात घालायचं नाही, मुंबईच्या उकाड्यात दुपारपर्यंत नासतं.

पावसाळ्यात तुमच्या दारामागे लागणारं भरतीचं वेळापत्रक हा तर खास मुंबईचा उपाय. साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते. त्या वेळेला मुसळधार पाऊस गाठ पडला की नाल्यांचं पाणी समुद्रात जात नाही आणि शीव-कुर्ल्याला रूळ बुडतात. त्या तारखा जूनमध्येच ऑफिसच्या कॅलेंडरवर टाकल्या, तर घरून काम मागायला साहेबापुढे कारण तयार असतं. ऐनवेळी मागितलेलं बहुतेक नाकारलं जातं. जावंच लागलं, तर परतताना स्लो लोकल पकडायची. फास्ट मध्येच थांबली तर अडकून पडायला होतं, स्लोला पुढचं फलाट जवळ असतं, आणि शीवच्या पुढे रिक्षाही मिळते (मिळाली तर).

कायद्याकडून बापाला फारसं काही मिळत नाही. केंद्र सरकारी नोकराला 15 दिवसांची पितृत्व रजा, खासगी नोकरीत कंपनीच्या मर्जीवर. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनं 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं, पण तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा दिली ती आईला. तुमच्याकडे दुपारी कुणी बाबा डोकावला, तर तुम्ही त्याला आत घेता आणि हातात वाटी-चमचा देता.

दिवाळीत तुम्ही गावी जाल, त्या आठवड्याच्या रजा आम्ही बाबांनी आपसात वाटून घेतल्यात. रोज एकाच्या घरी तीन पोरं, त्याहून जास्त नाहीत. प्रत्येकाच्या औषधांची, झोपेच्या वेळांची यादी त्या घरच्या फ्रिजवर लावलेली असेल. तुम्ही निवांत जा, फोन करणार नाही.

आपले,
सकाळच्या पाळीचे बाबा