इंजिनाच्या केसचा बदललेला अर्धा भाग परत मिळण्याबाबत तक्रार

पुणे
दिनांक : ६ जानेवारी २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
इंजिन पुनर्बांधणी व मशिनिंग विभाग

विषय : १९६२ सालच्या फोक्सवॅगन बीटल गाडीच्या इंजिनाच्या केसचा एक अर्धा भाग आपल्या कारखान्यात बदलला गेल्याबाबत.

महोदय,

माझ्या बीटल गाडीच्या १२०० सीसी इंजिनाच्या केसचे, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाचे, दोन्ही अर्धे भाग, क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) आणि चार कनेक्टिंग रॉड मी १२ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्या कारखान्यात स्वतः आणून दिले होते. ९ ऑक्टोबर रोजी जे बांधलेले इंजिन मला परत मिळाले, त्यातील केसचा एकच भाग माझा आहे आणि दुसरा भाग अन्य कोणत्या तरी इंजिनाचा आहे. हे मी संशयावरून लिहीत नसून, इंजिन पूर्ण खोलून, खुणा पाहून आणि मोजमापे घेऊन लिहीत आहे. गेल्या महिन्यात तीन वेळा फोनवर ही गोष्ट सांगूनही आपल्याकडून तपास झालेला नाही, म्हणून आता लेखी तक्रार करणे भाग पडले आहे.

मी एसटी महामंडळाच्या दापोडी येथील मध्यवर्ती कार्यशाळेतून २०२१ साली निवृत्त झालो. ही गाडी मिरजेला डॉक्टरी करणाऱ्या माझ्या मामांची. त्यांनी ती १९६६ साली मुंबईहून वापरलेली विकत आणली होती आणि सुट्टीत आजोळी गेलो की थंड इंजिनावर फीलर गेजचे पान सरकवून व्हॉल्व्हची फट कशी पाहायची, हे त्यांनीच मला शिकवले. पुढे मी ज्या कामावर पोट भरले त्याची सुरुवात तिथे झाली. १९८९ पासून गाडी मिरजेच्या वाड्यातील पडवीत उभी होती. मी निवृत्त झाल्यावर मामींनी ती माझ्या नावावर करून दिली, तेव्हा ती पुन्हा रस्त्यावर आणीन असा शब्द मी त्यांना दिला होता. त्यानंतरच्या तीन वर्षांत फरशीचा कुजलेला पत्रा, दोन्ही बाजूंच्या हीटर चॅनेल, ६ व्होल्टचे सगळे वायरिंग, ब्रेक, स्टिअरिंग हे सारे मी घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने केले. जे काम मोठ्या यंत्राशिवाय होणारच नव्हते, तेवढेच बाहेर दिले आणि ते आपल्याला दिले.

ठरलेले काम आपल्या जॉब कार्डवर स्पष्ट लिहिलेले आहे. क्रँकशाफ्टचे ५५ मिलिमीटरचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, पाव मिलिमीटरने ग्राइंड करायचे, केसची मुख्य बेअरिंगची भोके लाइन बोअरिंग करून, म्हणजे दोन्ही भाग जोडून एका रेषेत कापून, ६५ वरून ६५.५ मिलिमीटर करायची, त्याच मापाची बेअरिंग घालायची आणि केस बंद करून द्यायची. केस कामाची नाही असे आढळल्यास मला कळवून ती आहे तशी परत करावी, असेही मी त्याच कार्डवर माझ्या अक्षरात लिहून सही केली होती. आठ आठवड्यांच्या कामाला आठ महिने लागले, त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण बेअरिंग परदेशातून येतात आणि उशीर होतो हे मला ठाऊक आहे. क्रँक ग्राइंडिंगचे कामही उत्तम झाले आहे. मी चारही मुख्य जर्नल मायक्रोमीटरने तपासले, त्यांत शतांश मिलिमीटरचाही फरक मला सापडला नाही. ज्यांनी हे काम केले त्या कारागिरांपर्यंत माझे हे म्हणणे अवश्य पोहोचवावे.

इंजिन गाडीत चढवून २४ नोव्हेंबर रोजी मी ते पहिल्यांदा सुरू केले. त्यानंतरच्या आठवड्यात गाडी एकूण ४१ किलोमीटर चालली. थंड असताना इंजिन चांगले चालत होते, परंतु जुन्या कात्रज घाटाचा चढ चढून वर थांबलो, तेव्हा तेलाच्या दाबाचा हिरवा दिवा मंद वेगावर लुकलुकू लागला आणि जरा वेळाने कायमचा लागून राहिला. मी तत्काळ इंजिन बंद केले. गाडीखाली पाहिले, तर केसच्या दोन भागांच्या सांध्यातून तेल ठिबकत होते. या गाडीला रेडिएटर नाही, पाणी नाही. इंजिनाची उष्णता पंख्याची हवा आणि अडीच लिटर तेल एवढ्यांनीच बाहेर काढायची असते, त्यामुळे तेलाचा दाब गेला तर ते इंजिन काही मिनिटांचेच सोबती असते. गाडी मी टेंपोवर चढवून घरी आणली.

घरी तेल काढून तळाची जाळी उघडली. या इंजिनाला वेगळा ऑइल फिल्टर नसतो, जी काही घाण असेल ती या जाळीतच दिसते. जाळीवर बेअरिंगच्या धातूचा बारीक चंदेरी कीस बसलेला होता. मग इंजिन उतरवले, फ्लायव्हील काढले, केस खोलली आणि दोन्ही भाग टेबलावर शेजारी शेजारी उताणे ठेवले.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आमच्या कार्यशाळेत शिस्त अशी होती की, जोडीने बनलेला कोणताही भाग बाहेर पाठवण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवर एकसारखी खूण करायची. त्या सवयीने मी केस आपल्याकडे आणण्याच्या आदल्या रात्री दोन्ही भागांच्या आतल्या अंगाला, कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) मधल्या भोकाशेजारी, सेंटर पंचने तीन तीन ठिपके एका ओळीत मारले होते आणि त्यांचे फोटोही काढून ठेवले होते. टेबलावरच्या दोन भागांपैकी इंजिन क्रमांक असलेल्या भागावर ते तीन ठिपके जसेच्या तसे आहेत. दुसऱ्या भागावर त्या जागी काहीही नाही. तेथील धातू घासलेला नाही, तासलेला नाही, खूण पुसल्याचा कोणताही माग नाही. तो मूळ ओतीव पृष्ठभाग आहे. तो भाग माझा नाही, एवढाच याचा अर्थ होतो.

त्यानंतर मी मोजमापे घेतली. दोन्ही भाग रिकामे जोडून, सर्व नट ठरल्या टॉर्कला आवळून, मुख्य भोके बोअर गेजने उभी आणि आडवी मोजली. एका दिशेने माप ६५.५० आले आणि दुसऱ्या दिशेने ६५.५८. बोअरिंगच्या ताज्या खुणा मात्र दोन्ही भागांवर स्वच्छ दिसतात. हे दोन भाग एकमेकांना जोडून बोअर केले असते, तर भोक गोल यायला हवे होते. त्यावरून माझा निष्कर्ष असा की, दोन वेगवेगळ्या इंजिनांच्या केस आपापल्या जोडीने व्यवस्थित बोअर झाल्या आणि नंतर, धुताना किंवा बांधणीच्या टेबलावर, त्यांचे भाग एकमेकांत मिसळले. कॅमशाफ्टची भोके हेच सांगतात. या जुन्या १२०० इंजिनात कॅमशाफ्टला वेगळी बेअरिंग नसतात, तो केसच्याच धातूत फिरतो. मधल्या भोकात सांध्यावरून बोट फिरवले तर नख अडकेल एवढी पायरी लागते. ती माझ्या केसमध्ये कधीही नव्हती. कॅमशाफ्ट आत ठेवून केस बंद केली की तो दोन बोटांनी फिरत असे.

हे सर्व मी आपल्या पर्यवेक्षकांना फोनवर सांगितले, तेव्हा मला उत्तर मिळाले की केस म्हणजे केस, या मॉडेलचे भाग सगळे सारखेच असतात, आणि जगात ही गाडी एवढी बनली आहे की भागांना तोटा नाही. गाडी पुष्कळ बनली, हे खरे आहे. २ कोटी १५ लाखांहून अधिक बीटल तयार झाल्या आणि शेवटची ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील प्वेब्ला येथील कारखान्यातून बाहेर पडली. परंतु माझ्या गाडीसारख्या १२०० इंजिनाची प्रत्येक केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत ओतून, दोन्ही भाग जोडलेल्या अवस्थेत एकत्र मशिन केलेली होती. दोन भागांमध्ये गॅस्केट नसते, सीलंटचा पातळ थर असतो, तेव्हा धातूला धातू भिडतो तो त्या जोडीच्याच मापाने. एका जोडीतील भाग दुसऱ्या जोडीला बोल्टने आवळता येतो, पण जुळत नाही. लाइन बोअरिंग करणाऱ्या कारखान्याला हे मी समजावून सांगावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पर्यवेक्षकांनी दुसरा प्रस्ताव असा दिला की, आहे ती जोडी पुन्हा बोअर करून ६६ मिलिमीटरची करून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही. हा प्रस्ताव मी नाकारला आहे आणि तो का नाकारला ते आपण समजून घ्यावे, अशी विनंती आहे. माझा मूळ भाग सापडला, तर तो माझ्याकडील भागाशी आधीच ६५.५ मिलिमीटरला जोडीने बोअर झालेला आहे. दोघे एकत्र आले की भोक गोल होईल आणि पुन्हा यंत्रावर चढवण्याची गरजही पडणार नाही. उलट ही चुकीची जोडी पुन्हा बोअर केली, तर माझी केस आणि त्या अनोळखी ग्राहकाची केस, दोन्ही कायमच्या बिघडतील. शिवाय मुख्य भोके गोल झाली, तरी कॅमशाफ्टची पायरी तशीच राहणार.

त्या दुसऱ्या ग्राहकाचा विचार मला सतत येतो. माझा भाग त्यांच्या इंजिनात बसला असेल आणि त्यांनी अद्याप गाडी लांबच्या प्रवासाला काढली नसेल, तर त्यांना काहीच कल्पना नसेल. घाटात किंवा महामार्गावर त्यांचे इंजिन चालता चालता जाम झाले, तर ते केवळ खर्चाचे प्रकरण राहणार नाही. माझी तक्रार बाजूला ठेवली, तरी त्यांना आजच कळवणे हे आपले कर्तव्य आहे. मार्च ते ऑक्टोबर २०२४ या काळात आपल्याकडे या प्रकारच्या किती केस बोअरिंगला आल्या, हे जॉब कार्डांवरून अर्ध्या तासात निघेल. त्या फार असण्याचे कारण नाही.

आणखी एक दोष नोंदवतो. क्रँकशाफ्टची पुढेमागे हालचाल, म्हणजे एंड प्ले, ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असावी लागते आणि त्यासाठी फ्लायव्हीलमागे तीन शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालतात. आपण बांधलेल्या इंजिनात डायल गेजवर ०.२८ मिलिमीटर एंड प्ले आला आणि फ्लायव्हील काढल्यावर शिम दोनच निघाल्या. इंजिन गाडीत चढवण्यापूर्वी हे माप मी स्वतः घ्यायला हवे होते. बांधून आलेल्या कामावर मी विश्वास ठेवला.

या कामाचे जीएसटीसह ९४,४०० रुपये मी पूर्ण भरले आहेत. आता माझी मागणी अशी आहे की, आपण माझ्या केसचा मूळ भाग शोधून काढावा, तो माझ्याकडील भागाशी माझ्यासमोर जोडून भोके मोजून दाखवावीत, कीस गेलेली मुख्य बेअरिंग आपल्या खर्चाने नवी घालावीत आणि एंड प्ले तीन शिमांसह ठरल्या मापात बसवून द्यावा. मूळ भाग कोणत्याही प्रकारे सापडलाच नाही, तर तसे कारणांसह लेखी द्यावे, घेतलेली पूर्ण रक्कम परत करावी आणि त्याच काळातील, जोडी शाबूत असलेली केस मिळवण्याचा खर्च सोसावा. अशी केस मिळाली तरी तिच्यावर माझ्या नोंदणी पुस्तकातील इंजिन क्रमांक नसेल आणि ५० वर्षांवरील गाड्यांसाठीच्या व्हिंटेज नोंदणीकरिता मला अर्ज करायचा असल्याने ती अडचण लहान नाही. म्हणून पैशापेक्षा मला माझा भाग हवा आहे.

हे पत्र मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी पुणे येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. आपला कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात असला, तरी ग्राहक राहतो त्या ठिकाणी तक्रार दाखल करण्याची सोय त्या कायद्यात आहे. तेथवर जाण्याची वेळ येऊ नये, अशी माझी इच्छा आहे. जॉब कार्ड, बिल, डिलिव्हरी चलन, केस देण्यापूर्वीचे व खोलल्यानंतरचे फोटो आणि मोजमापांचा तक्ता यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

शोध घेणाऱ्यांच्या सोयीसाठी माझ्या भागाची ओळख येथे देतो. आतल्या अंगाला, कॅमशाफ्टच्या मधल्या भोकाशेजारी सेंटर पंचचे तीन ठिपके एका ओळीत आहेत. बाहेरच्या अंगाला, खालच्या कडेजवळ, पूर्वी कधीतरी जॅक घसरल्याने पडलेला सुमारे दोन सेंटिमीटरचा आडवा ओरखडा आहे. आपल्याकडे चुकून आलेला भाग मी तेल लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवला आहे. आपण कळवाल त्या दिवशी मी तो घेऊन स्वतः येईन, म्हणजे ज्यांचा आहे त्यांनाही तो त्याच दिवशी परत देता येईल.

आपला विश्वासू,
(सही)